लल्ला मन्नूबियाची कवळी

बिझेर्त शहरात, जुन्या बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर शादली राहत होता. वय चोपन्न, लग्न झालेलं नाही, उंच आणि किंचित पोक काढून चालणारा. गल्लीत त्याला सगळे ओळखत होते, पण त्याचा आवाज कसा आहे असं विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

तो कवळ्या करायचा. चौकापलीकडे डॉक्टर बिशीरचा दवाखाना होता. तिथं लोक खुर्चीत आ वासून बसायचे, डॉक्टर हिरड्यांचे ठसे घ्यायचे आणि ते ठसे एका पत्र्याच्या डब्यात घालून मागच्या खिडकीत ठेवायचे. शादली उजाडताना जाऊन तो डबा उचलून आणायचा आणि तयार झालेली कवळी तिथं ठेवून यायचा. डॉक्टरांची नि त्याची महिनोन्महिने गाठ पडत नसे. काम मात्र इतकं चोख की डॉक्टरांनी दुसरा कारागीर कधी शोधलाच नाही.

घराच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, खाली पेन्सिलीनं लिहिलेली नावं. कोण झोपेत दात खातो, कोण एकाच बाजूनं चावतो, कुणाचा सुळा पडल्यापासून गाल आत गेलाय, सगळं शादलीला माहीत. तीच माणसं जिन्यात समोर आली की मात्र तो खाली मान घालून भिंतीला खेटायचा. बाहेर पडण्याआधी तो दाराला कान लावून उभा राहायचा, जिना रिकामा झाला की मगच उतरायचा. दुकानात जायचं असलं तर "अर्धा किलो टोमॅटो, दोन लिंबं" हे घरीच दोनदा मनात म्हणून घ्यायचा. दुकानदारानं उलट "काय म्हणता शादली, बरे आहात ना?" एवढं विचारलं तरी पाठ केलेलं सगळं सांडायचं, आणि कधी कधी तो टोमॅटो न घेताच परत यायचा.

आई होती तोवर असं नव्हतं. बोलका तो तेव्हाही नव्हता. पण त्याची आई झुबैदा दोघांपुरतं बोलायची. दुपारी बायकांचा घोळका तिच्याकडे जमायचा, मिरच्या निवडल्या जायच्या, कुणाची तरी उणीदुणी निघायची, हसण्याचा आवाज भिंतीतून मागच्या खोलीत यायचा. कुणीतरी चहाचा पेला आत सरकवायचं. "घे रे शादली, गार होईल." त्याला तेवढं पुरत होतं.

सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, पहाटे, झुबैदा गेली. शादलीनं फक्त मातर गावच्या चुलतभावाला फोन केला. भाऊ तिघांना घेऊन आला, आणि दुपारच्या नमाजानंतर तिला पुरलं. गल्लीला कळलं ते जनाजा जिना उतरताना दिसली तेव्हा. ज्या बायकांनी तीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यायला, त्यांना तिला न्हाऊ घालायला मिळालं नाही, तिच्या उशाशी बसून रडायलाही मिळालं नाही. आठवडाभरानं, दाराला कान लावून उभा असताना, शादलीनं समोरच्या दलेंदाचा आवाज ऐकला. ती जिन्यात कुणाला तरी सांगत होती, "मांजर पुरावं तसं पुरलं त्यानं झुबैदाला."

त्या दिवशी तो बाहेर पडला नाही. पुढं पुढं बाहेर पडणं कमी होत गेलं, आणि सात वर्षांत त्या घराच्या उंबऱ्याआत दुसऱ्या कुणाचं पाऊल पडलं नाही.

ऑगस्टातल्या एका बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला त्याचं दार वाजलं.

शादलीनं पायाखालचं बटण सोडलं. घासायचं यंत्र घरघरत थांबलं. तो तसाच बसून राहिला. दार वाजलं की गप्प बसायचं, माणूस कंटाळून जातो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"यंत्र बंद केलंस ते ऐकलं मी," बाहेरून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "म्हणजे घरात आहेस. दात करणारा शादली तूच ना?"

प्रत्येक 'स'ला एक बारीक शिट्टी वाजत होती. शादलीला पाहायचीही गरज नव्हती. वरची कवळी, पुढच्या दातांमागं जाड राहिलेली.

तो दारापर्यंत गेला, पण कडी काढली नाही. "दवाखान्यात जा," तो आतूनच म्हणाला.

"दवाखाना महिनाभर बंद. तुझा डॉक्टर ऐन द्राहमच्या डोंगरात हवा खातोय, आणि इथं माझ्या दातांतून हवा जातेय. तिथं झाडायला आलेल्या पोरीनं तुझा पत्ता दिला. द्यायला तयार नव्हती हं. मी पायरीवर बसले, मग दिला."

"डॉक्टर आले की..."

"डॉक्टर येईल तेव्हा माझी नात सासरी नांदत असेल. शनिवारी तिच्या लग्नाच्या सह्या आहेत नगरपालिकेत. तू काही घाई करू नकोस बाबा, मी इथंही पायरीवर बसते."

आणि ती खरंच बसली. अंगभर पांघरलेल्या सफसारीची सळसळ ऐकू आली, मग एक लांब उसासा. शादलीच्या मनात भराभर हिशेब झाला. म्हातारी दारात बसली की जिन्यातून येणारा-जाणारा थांबणार, विचारणार, तिला पाणी देणार, आणि मग दारापुढं पाच माणसं जमणार. त्यापेक्षा एक बरी. त्यानं कडी काढली.

बाई ठेंगणी, पंचाहत्तरीच्या पुढची. पांढरी सफसारी डोक्यावरून खांद्यावर घसरलेली, कपाळ घामानं डबडबलेलं. ती न विचारता आत आली, समोरची खुर्ची तिनं खिडकीशी ओढली आणि खिडकी सताड उघडली.

"इथं माणूस गुदमरेल की रे. मी मन्नूबिया. सगळे मानानं लल्ला म्हणतात. मासळी बाजारामागं राहते. तुला आई नाही का?"

"नाही."

"मग बरोबर. आई असती तर खिडकी उघडी असती."

शादली दाराजवळच उभा होता. काय बोलावं ते त्यानं पाठ केलेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दुखतंय का?"

"दुखत नाही. चावते, बोलते, सगळं करते. झगरूता काढता येत नाही." एवढं बोलून तिनं हात तोंडापाशी नेला, जीभ हलवली, आणि जिथून लग्नघरातली ती लांब थरथरती आनंदाची आरोळी निघायला हवी होती तिथून चहाच्या किटलीसारखी फुसफुस निघाली. मन्नूबियानं हात खाली घेतला. तिचा चेहरा एकदम एवढासा झाला.

"पन्नास वर्षं झाली," ती म्हणाली, "आमच्या मोहल्ल्यात सही झाली की पहिला झगरूता माझा. बाकीच्या बायका थांबतात. माझ्या मुलीच्या वेळी मी काढला तेव्हा बंदरातल्या एका होडीनं भोंगा वाजवून उत्तर दिलं होतं. आता ही रीम, एकुलती नात. आणि माझा जावई काय म्हणतो माहितेय? म्हणतो, 'अम्मा, काळजी करू नका, फोनवर लावू. फोनमध्ये सगळे आवाज मिळतात.' माझ्या नातीच्या लग्नात मी फोन होऊ?"

शादलीचं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं होतं, आणि एकदा तिथं गेल्यावर त्याची भीती थोडी मागं सरली. हे काम होतं. ही तर फळीवरची 'मन्नूबिया, मे महिना, वरची पूर्ण' होती. टाळूला उंच कमान असलेली. त्यानं तिला वाटी दिली, कवळी काढून घेतली, धुऊन कोरडी केली, आणि आतून मक्याचं पीठ अगदी पातळ भुरभुरलं.

"पीठ कशाला? तळणार आहेस का?"

"जीभ कुठं लागते ते बघायचंय," शादली म्हणाला. "लागेल तिथलं पीठ पुसलं जाईल. मग तिथं घासता येईल. आधी लावा, तोंड मिटू नका, आणि... तो काढा."

"काय काढू?"

"झगरूता."

आपण एका दमात इतकं बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तिनं काढला. आता फुसफुशीत मधेच एखादा स्वर उमटला नि विझला. शादलीनं कवळी उजेडात धरली. पुढच्या दातांमागं चंद्रकोरीएवढी जागा पुसली गेली होती. डॉक्टरच्या मापानं ती जाडी बरोबरच होती. बोलायला, चावायला काहीच अडचण नव्हती. पण या कामासाठी जिभेला नाचायला अंगण हवं होतं. तो मागच्या खोलीत गेला, यंत्र घरघरलं, आणि चिमूटभर गुलाबी भुकटी पडली. परत पीठ, परत झगरूता. दुसऱ्या वेळी आवाज निघाला, पण फाटका. तिसऱ्या वेळी पुढून चांगला सुरू झाला आणि उजव्या दाढेपाशी अडखळला. शादलीनं मान हलवली.

"उजवीकडे अडतंय."

"तुला ऐकून कळलं?"

"हो."

मन्नूबियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "चांगला कान आहे रे तुझा. लोकांत वापरत जा जरा."

चौथ्या वेळी तो आवाज खिडकीतून बाहेर गेला आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. शादलीनं आणखी केसभर घासलं, कडा कापडानं गुळगुळीत केली. पाचव्या वेळी मन्नूबियानं खुर्चीतून उठून, खिडकीचा गज एका हातानं धरून, डोळे मिटून झगरूता काढला. आवाज उंच चढला, तिथंच थरथरत राहिला, आणि श्वास संपेपर्यंत कुठं तुटला नाही. संपला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शादलीच्या छातीत काहीतरी सैल झालं. काम जमलं की त्याला असं नेहमी व्हायचं. पण काम जमलेलं समोर बसून हसतंय असं आजवर कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून दुसरा झगरूता आला. मग खालच्या मजल्यावरून एक. मग कोपऱ्यावरच्या घरातून, दोन बायकांचा मिळून.

"तुमची गल्ली चांगली आहे," मन्नूबिया समाधानानं म्हणाली. "उत्तर देतात."

उघड्या खिडकीतून एका एकट्या पुरुषाच्या घरातून लागोपाठ पाच झगरूते बाहेर गेले होते. याचा अर्थ गल्ली एकच लावणार होती. तो खिडकी लावायला धावला, आणि त्याच वेळी जिन्यात पावलं वाजली. एक-दोन नव्हे, बरीच.

दार लोटलेलंच होतं. पहिली आत आली दलेंदा, साठीची, रुंद हाडाची, हातात परात, परातीत खजूर भरलेले मक्रूद आणि मधोमध रोझाता सरबताची बाटली. तिच्यामागं तिचा नवरा तिजानी सदऱ्याची बटणं लावत, आणि त्याच्यामागं वरच्या मजल्यावरची वहीदा, कडेवर तान्ही मुलगी.

"मुबारक शादली," दलेंदा म्हणाली. "खूप खूप मुबारक. कुणाची मुलगी? आम्हाला काही कळू दिलं नाहीस, पण असू दे. आज काही बोलणार नाही मी."

"आपल्यातलीच का?" वहीदानं मागून विचारलं.

दलेंदाची नजर खिडकीशी बसलेल्या मन्नूबियाकडे गेली. "या मुलीच्या आई वाटतं?"

"मी?" मन्नूबिया म्हणाली. "अगं बाई, मी माझे दात घासून घ्यायला आलेय."

वहीदा खुसकन हसली आणि तिनं बाळाच्या मानेत तोंड लपवलं. तिजानी आधी घशातल्या घशात आणि मग भिंतीला हात टेकून हसायला लागला. "दात," तो म्हणाला, "दलेंदा, दातांसाठी तू परात भरलीस." मन्नूबियानं तेवढ्यात सगळी हकीकत सांगून टाकली, रीमची, जावयाच्या फोनची, पिठाची.

दलेंदा हसली नाही. ती लाल झाली होती. तिनं परात टेबलाच्या कडेवर ठेवली. "माफ कर शादली. आम्ही उगाच घुसलो. तुला आवडत नाही ठाऊक आहे." आणि ती दाराकडे वळली.

शादलीनं तिची पाठ पाहिली. ही आता जाणार, दार लागणार, आणि पुन्हा कधी वाजणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. कुठून बळ आलं ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"मी आलो होतो तुझ्या दाराशी," तो म्हणाला.

दलेंदा थांबली. "कधी?"

"त्या पहाटे. आई गेली तेव्हा. तुझ्यासमोर उभा होतो. म्हणजे दारासमोर. हात वर केला होता. वाजवायला." त्याला दम लागला. "काय म्हणायचं ते जमेना. 'आई गेली' एवढंच होतं. दोनच शब्द. मी म्हणून बघत होतो तिथं उभा राहून, आणि ते तोंडातून बाहेरच पडेनात. मग आत आलो. पुन्हा गेलो. तीनदा गेलो. मग भाऊ आला, आणि सगळं झालंच."

दलेंदा दारातून दोन पावलं परत आत आली.

"तू म्हणालीस मांजर पुरावं तसं पुरलं," शादली म्हणाला. "ऐकलं मी. बरोबर होतं तुझं. म्हणून मी कधी..."

दलेंदानं तोंडावर हात ठेवला.

"म्हणाले होते मी," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. महिनाभर राग होता मला. मग चाळिसाव्या दिवशी रव्याचा कुसकुस केला, झुबैदाला आवडायचा तसा, भोपळा घालून, आणि घेऊन तुझ्या दारात उभी राहिले. तीनदा वाजवलं. तू उघडलं नाहीस. मला वाटलं, माझ्या तोंडचं तुझ्या कानावर गेलं आणि तू कायमचं दार बंद केलंस. गेली सात वर्षं मी जिन्यात तुझी चाहूल लागली की आत जाते. तुला माझं तोंड बघायला नको म्हणून."

"मी... मला वाटलं भांडायला आलीस."

"कुसकुस घेऊन?" तिजानी म्हणाला.

"मला कुठं माहीत कुसकुस होता ते."

यावर दलेंदा हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "तिची खोली?"

शादलीनं आतल्या दाराकडे बोट केलं. दलेंदा आत गेली. झुबैदाचा पलंग तसाच होता, निळ्या चादरीचा. शादली दर आठवड्याला ती धुवायचा आणि पुन्हा अंथरायचा. दलेंदा काठावर टेकली, उशीवर हात ठेवला, आणि मोठ्यानं, लाज न धरता रडली, जशी मयताच्या घरी बाई रडते. वहीदा झुबैदाला जेमतेम ओळखत होती, तीही जाऊन तिच्याजवळ बसली. तळमजल्यावरच्या दोघी बायका जिना चढून आल्या होत्या अभिनंदनाला. त्यांना वहीदानं कुजबुजत काय ते सांगितलं, आणि त्याही आत गेल्या. खुर्च्या पुरेनात म्हणून जमिनीवर बसल्या. कुणीतरी झुबैदाची गोष्ट काढली, ती एकदा बंदरावर कोळ्याशी भांडून उलट त्याचीच टोपली डोक्यावर घेऊन आली होती ती. रडता रडता हसू फुटलं.

शादली दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सात वर्षांत तो आईसाठी रडलेला नव्हता. आता गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याला ते थांबवावंसं वाटत नव्हतं. मुळाशी पू झालेली दाढ एकदाची उपटली जावी, दुखावं, रक्त यावं, आणि तरी माणसाला हायसं वाटावं, तसं त्याला झालं.

मन्नूबिया त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. टेबलावरची बाटली उघडून तिनं स्वतःच पेले भरले आणि सगळ्यांना एकेक दिला.

मागच्या खोलीतून तिजानीचा आवाज आला. "शादली, हा मी आहे का?"

तो फळीवरून एक जबडा उचलून हातात फिरवत होता. खाली लिहिलं होतं, 'तिजानी, समोरचा, खालची अर्धी.'

"हो," शादली म्हणाला. "तू डावीकडूनच चावतोस. बरं नाही ते."

"बघ," तिजानी बायकोला ओरडून म्हणाला, "इतकी वर्षं मी याच्याकडे राहतोय आणि तुला पत्ता नाही."

शनिवारी सकाळी दहाला शादली तपकिरी सूट घालून दारात उभा होता. सुटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मन्नूबियानं जाताना बजावलं होतं, "तू यायचंस, शेजाऱ्यांना घेऊन. कवळी पडली तर उचलायला कोण आहे?" त्याला रात्रभर नीट झोप लागली नव्हती. दलेंदानं त्याची कॉलर सरळ केली, आणि तिघं निघाले.

चौकात पोचल्यावर तो मागं पडायला लागला. समोर नगरपालिकेच्या पायऱ्यांवर रंगीत कपड्यांची गर्दी होती. तिजानीला ते दिसलं असावं. तो काही न विचारता आपल्या मुतखड्याबद्दल बोलायला लागला. कुठल्या डॉक्टरनं काय सांगितलं, किती पाणी प्यायला लावलं, कसा एकदा बसमध्ये असतानाच कळ आली. बोलणं इतकं सलग होतं की मधे कुणाला काही म्हणायची सोयच नव्हती. तेवढ्यात ते आत पोचलेही.

दिवाणखान्यासारख्या त्या खोलीत पंखे फिरत होते. रीम हिरव्या झग्यात, चेहऱ्यावर घाम, नवरा मुलगा तिच्याहून घाबरलेला. अधिकाऱ्यानं वाचलं, साक्षीदारांनी सह्या केल्या, रीमनं सही केली. मन्नूबियाचा जावई हातात फोन घेऊन तयार होता, खात्री म्हणून. बायका थांबल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा एकीकडे वळल्या.

मन्नूबियानं हात तोंडाशी नेला. शादलीनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याच्या डोळ्यांपुढं ती कवळी होती, तिचा प्रत्येक काठ, उजव्या दाढेपाशी कापडानं गुळगुळीत केलेली जागा. फार घासलं तर नाही ना? जास्त पातळ झाली असली तर? तडकली तर?

झगरूता निघाला. छताला लागला, पंख्यांच्या आवाजावरून गेला, दारातून बाहेर पायऱ्यांवर गेला, आणि तिथली माणसं आत डोकावायला लागली. तो संपायच्या आतच बाकीच्या बायकांनी उचलून धरला. जावयानं फोन खिशात टाकला आणि टाळ्या वाजवल्या. शादली खाली बसला आणि त्यानं लांब श्वास सोडला, इतका लांब की शेजारच्या अनोळखी माणसानं विचारलं, "मुलीकडचे का?"

"दाताकडचा," शादली म्हणाला.

बाहेर आल्यावर मन्नूबियानं त्याचा दंड पकडून त्याला घरच्यांपुढं उभं केलं. "हा तो. यानं मला माझा आवाज परत दिला." शादलीला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण दुभंगली नाही, आणि लोक हसत त्याचा हात हातात घेत राहिले. रीमनं त्याच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. मग मन्नूबियाचा थोरला दीर, ऐंशीचा, लाल टोपीतला, गर्दीतून वाट काढत आला आणि काही न बोलता त्यानं तोंड उघडून बोटानं आत दाखवलं.

"आजोबा, इथं?" रीम म्हणाली.

"टोचतंय," दीर आ वासलेल्या तोंडानंच म्हणाला.

शादली वाकला. ऊन चांगलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. "खालच्या कवळीचा काठ आहे. दोन मिनिटांचं काम. सोमवारी या, दहानंतर. बंदराची गल्ली, दुसरा मजला."

जेवायला सगळ्यांबरोबर थांबावं लागलं. भाजलेली मासळी, हरीसाची तिखट चटणी, पाव, पुन्हा मासळी. शादली फारसं बोलला नाही, आणि कुणी त्याला बोलायला लावलंही नाही; त्याच्या ताटात मात्र कोण ना कोण काही वाढत होतं. परतताना ऊन उतरलं होतं. दलेंदा चपला हातात घेऊन चालत होती, कारण नव्या चपलांनी पाय कापले होते.

"उद्या आम्ही रमेलच्या वाळूवर जातोय," तिजानी म्हणाला. "येतोस?"

"मला पोहता येत नाही."

"मलाही नाही येत. आम्ही कलिंगड खायला जातो. पाण्यात बुडवून ठेवायचं तासभर, की गार होतं."

"किती वाजता?" शादलीनं विचारलं.

"नऊला. हाक मारीन खालून."